उज्ज्वलाला आधीच कळायचं

आमच्या उज्ज्वलाला एका जागी बसता येत नाही. खुर्चीवर टेकते, पण टेकल्या टेकल्या उठते. पंख्याचं बटण, खिडकीची कडी, पेशंटची पाण्याची बाटली, काहीतरी कारण काढून ती उभी राहते, आणि उभी राहिली की बोलायला लागते. बीडमधल्या आमच्या दवाखान्यात ती समुपदेशक आहे आणि मी आहारतज्ज्ञ. दोघींच्या खोल्यांमध्ये प्लायवूडची एक भिंत. त्यामुळं तिचं निम्मं समुपदेशन मला फुकटात ऐकू येतं, आणि माझं "पोटाला जरा खात जा गं" तिला. वनमालाबाई ओरडायला लागल्या की आपण दार लावून घ्यायचं, असं ती पेशंटला सांगते. हे ती मला ऐकू जाईल अशा आवाजातच सांगते.

ती मूळची युसूफ वडगावची. बारावीची परीक्षा तोंडावर आली असताना घरच्यांनी तिला बोहल्यावर चढवली. पुढं सासूच्या नाकावर टिच्चून तिनं बारावी केली, मग बी.ए., मग समाजकार्याची पदवी. नवरा भला निघाला, पण त्या लग्नाचा राग तिच्या डोक्यातून कधी गेला नाही. जिल्ह्यात कुठं लहान पोरीचं लग्न लागतंय असं कळलं की ही पदर खोचून निघालीच. अशी कितीतरी लग्नं तिनं मांडवातून परत फिरवली आहेत. त्यासाठी तिचे सत्कारही झालेत, आणि दोन-चार ठिकाणी शिव्याही खाल्ल्यात.

तिची खरी ख्याती मात्र वेगळीच होती. बाई दारातून आत आली, की तिच्या चपला काढण्यावरून हिला कळायचं. "नवऱ्यानं हात उचलला ना?" असं ही म्हणायची आणि बाई धाय मोकलून रडायला लागायची. "मॅडमला मनातलं कळतं," असं बायका एकमेकींना सांगायच्या आणि नुसत्या नावावर लांबलांबून यायच्या. मी आयुष्यभर काटा, टेप आणि रक्ताचे रिपोर्ट घेऊन बसलेली. मला तिचा हेवा वाटायचा. का वाटू नये?

अशात योगिता आली.

मांजरसुंब्याच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला त्यांची वस्ती आहे. बाप गहिनीनाथ मेंढरं राखतो, आई रतनबाई. योगिता वीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करणारी. पहाटे उठून पळायची, संध्याकाळी परत पळायची. त्यामुळं अंगावरचं मांस उतरलं तरी घरच्यांना वाटलं, पळणाऱ्या पोरीचं शरीर असंच असायचं. मग पाळी थांबली. मग एकदा मैदानावरच चक्कर येऊन पडली. पोटाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिली, काही सापडलं नाही. नारायणगडावर नेऊन आणलं, दृष्ट काढली. शेवटी कुणीतरी आमच्याकडं पाठवलं. मी दंडाला टेप लावला आणि आकडा दोनदा वाचला.

त्या घरात रीत अशी, की रांधणारी शेवटी जेवते. आधी पुरुषमाणसं, मग आला-गेला पाहुणा, मग आजी, मग आई, आणि सगळ्यांच्या मागून चुलीपुढची योगिता. तोवर सगळे उठून आपापल्या कामाला लागलेले. ती जेवते की भाकरी कुत्र्याला टाकते, हे बघायला तिथं उरतंय कोण? वरून पोरगी सुगरण. स्वतः न जेवता दुसऱ्याला आग्रह करकरून वाढायची. "माझी पोर जेवत न्हाई, असं कुनी म्हन्लं?" रतनबाईनं पहिल्याच दिवशी मला विचारलं. "सैपाक तर तीच करती!"

नेमकं त्याच सुमारास आमचं प्रशिक्षण सुरू झालं. खाण्याच्या विकारांवर मेंटलायझेशनची उपचारपद्धती जिल्ह्यातल्या समुपदेशकांना शिकवायची, असं ठरलं होतं. शिकवायला पुण्याहून रविराज सर यायचे. महिन्यातून दोन दिवस वर्ग, मधल्या काळात फोनवर सल्ला. आहाराचा संबंध म्हणून मलाही त्यात बसवलं. खाण्याचे विकार शहरातल्या लाडावलेल्या पोरींना होतात, आपल्याकडं कुणाला, असं म्हणणारे आमच्यातही होते. मी त्यांना योगिताच्या दंडाचं माप सांगितलं.

"माणूस जे वागतो त्याच्यामागं मन असतं, याचं भान ठेवणं म्हणजे मेंटलायझेशन," सर म्हणाले. "समोरच्याचं मन आणि आपलंही. पण समोरच्याचं मन आपल्याला दिसत नाही. आपण फक्त अंदाज करतो."

"सर, आमच्याकडं याला अंदाजपंचे म्हणतात," उज्ज्वला उभी राहून म्हणाली. सगळा वर्ग हसला.

सरही हसले. "अगदी बरोबर. फरक एवढाच, की अंदाजपंचे बोलणाऱ्याला ठाऊक असतं, की आपण अंदाजपंचे बोलतोय. समुपदेशक नेमकं तेवढंच विसरतो."

उज्ज्वला बसली. तिला ते झोंबलं, हे तिच्या बसण्यावरून दिसत होतं.

सरांचं म्हणणं मला लवकर पटलं, कारण माझ्या काट्यापाशी ते रोज घडत होतं. आत काय कालवतंय ते ज्यांना शब्दांत सांगता येत नाही, त्यांचं शरीर ते बोलायला लागतं. काट्यावरचा आकडा उतरला की आत घटकाभर शांत वाटतं, मग पुन्हा उतरवावासा वाटतो. अशा मुलीपुढं आपण तिचं मन तयार करून ठेवलं, की ती ते घेते, मान डोलावते आणि घरी जाऊन जेवत नाही. म्हणून सांगायचं नाही, विचारायचं. खरंच माहीत नसल्यासारखं विचारायचं, कारण खरंच माहीत नसतं. आणि चुकलो तर चुकलो म्हणायचं, तिच्यासमोर.

मग जोड्या पाडून सराव. माझ्या नशिबी उज्ज्वला. मी पेशंट, ती समुपदेशक.

"वनमाला, तू नवऱ्यावर चिडलीस," तिनं सुरुवात केली.

"अगं, मी पेशंट झालेय. वनमाला कुठून आली?"

"पेशंट बी नवऱ्यावरच चिडलेली असती."

हसून हसून माझी पुरेवाट झाली. पण घरी जाताना ती वैतागलेली होती. "सगळं इचारतच बसायचं, तर लोक माझ्याकडं कावून, कशाला येतील? मला कळतं म्हणून येतात ना?" तिचं दुकानच सर बंद करायला निघाले होते, तर तिनं खूश कसं व्हावं?

प्रत्येकानं आपल्या एका पेशंटची बैठक, पेशंटच्या परवानगीनं, मोबाइलवर चित्रित करून वर्गात दाखवायची होती. योगितानं मान हलवून परवानगी दिली. तिच्याकडून कशालाही मान हलवूनच उत्तर यायचं. ती बैठक मी भिंतीपलीकडून ऐकली.

"तुझं काय दुखायलंय, मला ठाऊक हाय. परवा पाहुणे येऊन गेले ना बघायला?"

"हं."

"अन् तुला तर पोलीस व्हायचंय."

"हं."

"बाप ऐकत न्हाई. सांगायची सोय न्हाई. मग पोरगी काय करनार? ताटावर राग काढती."

योगिताचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "न्हाई मॅडम, म्हंजे..."

"बोलू नको. कळलं मला."

त्यानंतर गहिनीनाथला आत बोलावलं. उघड्या दारातून दिसला, बिचारा पटका हातात घेऊन उभा. "पोरीला लग्न नको हाय, म्हणून तिनं अन्न सोडलंय," उज्ज्वलानं त्याला सांगितलं. "ती सोयरीक मोडा. पोरगी जेवायला लागंल." मेंढरं राखणारा माणूस तो, डॉक्टर, मॅडम, साहेब काय म्हणतील ते डोळे मिटून ऐकायची त्याची सवय. त्यानं आमच्या आवारातूनच पाहुण्यांना फोन लावला आणि नाही म्हणून कळवलं. योगिता झाडाखाली उभी होती. ती चपलेनं माती उकरत राहिली. उज्ज्वलानं तिच्या पाठीवर थाप मारली. आणखी एक लग्न थांबलं, म्हणून दिवसभर ती हवेत होती.

पुढच्या आठवड्यात काटा खाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी खाली. पोरीच्या गालावर बारीक लव आली, हातपाय गार पडायला लागले. आमच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, तर ती नको तेवढी संथ झालेली. "आता हृदयावर येईल. हिला दाखल करायलाच हवं," ते म्हणाले. योगितानं मान हलवली, या वेळी आडवी. वीस वर्षांची मुलगी, मनाविरुद्ध कशी ठेवणार? मला काही झालेलं नाही, असं ती मानेनंच सांगायची आणि पळायला जायची. त्या दिवसांत माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. ताटावर बसले की तिचा दंड डोळ्यांपुढं यायचा आणि घास फिरायचा. आणि उज्ज्वला? तिनं माझ्या खोलीत चकरा मारून मारून मला हैराण केलं. "लग्न मोडलं की! आता काय राहिलं? आता कावून जेवंना ती?" मी तरी काय सांगणार!

वर्गात तिचं चित्रण लावलं, तेव्हा मी तिच्या शेजारीच होते. "बोलू नको. कळलं मला," इथपर्यंत सरांनी चालू दिलं आणि थांबवलं.

"आता मला सांगा," ते सगळ्यांना म्हणाले, "योगितानं काय काय सांगितलं?"

केजहून आलेले मुंजाजी नावाचे परिचारक आहेत, भाबडा माणूस. त्यांनी हात वर केला. "सर, ती हं म्हन्ली."

दोघं-तिघं हसले, आणि हसता हसताच थांबले. उज्ज्वला उठली आणि खिडकी उघडायला गेली. खिडकी उघडीच होती. तिनं ती लावली, परत उघडली.

"तिला बोलता येत न्हाई सर, म्हणून मी बोलले. यात माझं काय चुकलं?" तिचा आवाज चढला होता.

"चुकलं असं मी म्हणत नाही. तुम्हाला तिच्याबद्दल माया आहे, ती इथं दिसतेय. मी एवढंच विचारतो, की त्या वेळी तुमच्या मनात कोण होतं?"

तिनं पाठ फिरवून बाहेर बघितलं. मला वाटलं, मला कळलं कोण होतं ते. बारावीतली एक पोरगी बोहल्यावर उभी होती. मग मीच जीभ चावली. शिकवलेलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी!

त्यानंतर योगिता यायची बंद झाली. ठरलेला वार गेला, दुसरा गेला. फोन लावला तर बंद. गहिनीनाथचा लागला तर वाऱ्याचा आणि मेंढरांचाच आवाज, मग तोही तुटायचा. उज्ज्वलाचं कशातच लक्ष लागेना. पेशंट समोर असताना ही फोन उलटा करून बघायची. अॅम्ब्युलन्सचा आवाज आला की दारात जाऊन उभी राहायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं आम्हा दोघींचं चाललं होतं. शेवटी तिनं रविराज सरांना फोन लावला.

"जा तिच्याकडं," सर म्हणाले. "पण उत्तर सोबत घेऊन जाऊ नका."

माझ्या स्कूटीवर आम्ही निघालो. ऊन मी म्हणत होतं. एरवी मागं बसून अखंड बोलणारी बाई, पण त्या दिवशी तोंडातून शब्द नाही. मांजरसुंब्याच्या ढाब्यांपाशी मी चहाला थांबू का विचारलं, तर खांद्यावर थाप मारून चल म्हणाली. "गेल्यावर काय म्हणशील?" मी विचारलं. "ठरवलं न्हाई," ती म्हणाली. उज्ज्वलाच्या तोंडून हे ऐकून मला दिलासा वाटायला हवा होता. मला जास्तच धाकधूक झाली.

वस्तीवर गहिनीनाथ नव्हता, मेंढरं घेऊन गेला होता. योगिता चुलीपुढं भाकरी थापत होती. तिच्या मनगटाची हाडं दुरूनही दिसत होती. थापताना ती मधेच थांबायची, दम घ्यायची.

"या, टेका," रतनबाईनं घोंगडी टाकली. "आधी दोन घास खाऊन घ्या, मग बोला. योगे, मॅडमला वाढ." आम्ही नको म्हणतोय तोवर रतनबाईला रडू आलं. "मॅडम, तुमी म्हन्ल्या, सोयरीक मोडा. मोडली. चार लोकांत तोंड दाखवायची सोय राहिली न्हाई, तरी मोडली. तरीबी पोर वाळायलीच. आता कावून जेवंना, ते बी तुमीच सांगा. तुमाला मनातलं कळतं."

उज्ज्वला घोंगडीवर बसली होती. तिनं एक काडी उचलून तिचे तुकडे केले.

"मला माहीत न्हाई, रतनबाई," ती म्हणाली.

"आँ? तुमालाच माहीत न्हाई, तर मग कुनाला?"

"मी योगिताला इचारलंच न्हाई." ती चुलीकडं वळली. "योगिता, मी चुकले. तुला लग्न नको हाय, हे माझं मीच ठरवलं. तू काहीतरी बोलायली होतीस, ते बी मी बोलू दिलं न्हाई. तुझ्या मनात काय होतं?"

एवढी मोठी मॅडम पोरीला चुकले म्हणते, हे रतनबाईला सोसलं नाही. "अवं, असं म्हनू नका, तुमी कशाला..." ती मधे पडली. पण योगिताचा हात थांबला होता. तव्यावरच्या भाकरीचा करपल्याचा वास आला तरी तिनं ती उलटली नाही.

"आता इचारताव व्हय?" ती म्हणाली. आवाज धाग्याएवढा बारीक, पण त्यात असा राग, की मी सावरून बसले. तिचं पूर्ण वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. "बघायला आलेला अंगद मला पसंत होता. ती सोयरीक मीच आणवली होती. मावशीच्या कानावर मीच घातलं होतं, की घरात गोष्ट काढ."

रतनबाईनं तोंडावर हात घेतला. "अगं मग तवा कावून बोलली न्हाईस, बये?"

"बोलले की. मॅडम म्हन्ल्या, बोलू नको."

मला उज्ज्वलाचा राग आला आणि कीवही आली. ज्या एका गोष्टीसाठी तिचं नाव होतं, तीच तिच्या तोंडावर येऊन आदळली होती. तिला सांगता आलं असतं, की मी तुझ्या भल्यासाठीच केलं. ती तसं म्हणाली नाही. मान खाली घालून तिनं ते ऐकून घेतलं.

पण रतनबाई तेवढ्यात उठलीही. "मग काय बिघडलंय! आत्ता फोन लावते. पाया पडते त्यांच्या. सोयरीक जोडली की पोर जेवंल..."

"आई!" योगिता ओरडली आणि तेवढ्यानंच तिला धाप लागली.

"रतनबाई, थांबा," उज्ज्वला म्हणाली. "आपन परत तेच करायलोत." मग योगिताला तिनं हळू विचारलं, "सोयरीक जोडली की तू जेवशील, असं आईला वाटतंय. तुला काय वाटतं?"

योगितानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पुन्हा पुढं सारलं. एरवी उज्ज्वलानं एवढ्यात तीन उत्तरं दिली असती.

"मला माहीत न्हाई," योगिता म्हणाली. "पाहुने यायच्या लई आधीपासून मी जेवत न्हाई. मैदानावर म्हन्तेत, वजन उतरवलं की पळशील. आई म्हन्ती, नजर लागली. तुमी म्हन्ल्या, लग्न. माझ्यातलं सगळ्यांना आधीच कळतं, मला सोडून." तिनं पोटावर मूठ दाबली. "भूक तेवढी कुनाला कळत न्हाई. ती तेवढी माझी हाय. ती बी देऊ का तुमाला?"

माझ्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या. भाकरी, दूध, गूळ, शेंगदाण्याचा लाडू, माझं सगळं दुकान. मी दात दाबून गप्प बसले. इतकं जड काम मी आजवर केलेलं नाही.

"नको देऊ," उज्ज्वला म्हणाली. "तुझीच हाय ती. मला फक्त ती कशी असती, ते ऐकायचं होतं."

योगितानं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं पाहिलं. डोळे खोल गेलेले, पण टक्क उघडे.

"मॅडम, एक सवाल इचारू? तुमाला सगळं कळतं म्हन्तेत. मी मरते का हो?"

रतनबाईनं "अगं बया" म्हणून डोक्याला हात लावला. नाडीचा आकडा मला माहीत होता. उज्ज्वलालाही माहीत होता. एरवी ती झटकन म्हणाली असती, काही होत न्हाई बघ तुला, मी हाय ना. ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं, हे मी शपथेवर सांगते.

"मला माहीत न्हाई, योगिता," ती म्हणाली. तिनं योगितावरची नजर हटवली नाही. "डॉक्टरला बी फिकर लागलीय. अन् मला लई भ्या वाटायलंय."

तव्यावरची भाकरी काळी पडली होती.

"मलाबी," योगिता म्हणाली. तिनं तवा खाली उतरवला, भिंतीला हात लावून उभी राहिली, आणि आईकडं न बघता म्हणाली, "आई, माझे दोन कपडे पिशवीत घाल. मी जाते यांच्यासंगं."